व्हीएमच्या आत दोन नेटवर्क कार्डं: गरज की देखावा?

टॉवेल_आयटी
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सिस्टिम बघतो. एकच सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), आत ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर), टॅली आणि फाइल सर्व्हरच्या व्हीएम, म्हणजे अशी आभासी मशीन. नव्या कोटेशनमध्ये व्हेंडरनं प्रत्येक व्हीएमला दोन व्हर्च्युअल कार्डं, वर विंडोजमध्ये टीमिंग (दोन कार्डांची जोडी, एक गेलं तर दुसरं चालतं) असं लिहून ‘फुल रिडंडन्सी’चे वेगळे पैसे लावलेत.

माझ्या मते हा शुद्ध देखावा आहे. दोन्ही कार्डं शेवटी एकाच ब्रिजला (सर्व्हरच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच), आणि त्या ब्रिजखाली केबल एकच. ती निघाली की दोन्ही एकदम गेली. वर व्हीएमला पत्ताही लागत नाही, कारण तिचं कार्ड ब्रिजला जोडलेलं असतं. केबल तुटली तरी आत लिंक ‘अप’च दिसते. मग टीमिंग बदल करणार कशाच्या भरवशावर? जोडी होस्टवर, म्हणजे खुद्द सर्व्हरवर हवी: दोन खरे पोर्ट, त्यांचा बाँड (लिनक्समधलं टीमिंग), बाँडवर ब्रिज, आणि प्रत्येक व्हीएमला एकच कार्ड.

होटगी_रोड
काय सांगलालाव ओ! व्हेंडरचं चुकलं हे कबूल, पण तुमचा बाँड तरी कुणासाठी? इतक्या कारखान्यांत हिंडतो, नेटवर्क कार्ड मेलेलं क्वचित बघितलंय. आपल्याकडं मरतं ते स्विच आणि यूपीएसची बॅटरी. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश, आत बंद रॅक, पंख्यात कापसाचा धुरळा. दोन्ही केबल त्याच स्विचला लावल्या तर बाँड असून काय उपयोग? एक जादा स्विच सेटिंग करून कपाटात ठेवा. गेला की बदला. संपलं.

टॉवेल_आयटी
रात्रपाळीत कोण बदलणार? वॉचमन? ट्रक गेटवर उभा आणि ईआरपी बंद, म्हणजे ई-वे बिल नाही. तोच जादा स्विच कपाटाऐवजी रॅकमध्ये चालू ठेवा की. बाँडच्या ॲक्टिव्ह-बॅकअप म्हणजे मोड १ ला (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) स्विचकडून काहीच लागत नाही, साधे दोन वेगळे स्विच चालतात. एमआयआयमॉन ही बाँडची सेटिंग १०० ठेवली की लिंक दर १०० मिलिसेकंदांनी तपासली जाते.

चार_पुतळा
मोड १ मध्ये एक पोर्ट नुसता बसून खातो. एलएसीपी (स्विचशी ठरवून दोन्ही केबल एकत्र वापरायची पद्धत) लावा, दोन्ही वापरात येतील.

टॉवेल_आयटी
एलएसीपीला दोन्ही केबल एकाच स्विचवर लागतात, नाहीतर स्टॅक किंवा एमएलॅग करणारे (दोन मिळून एकच असल्यासारखे वागणारे) महागडे स्विच घ्या. म्हणजे होटगी_रोड म्हणतात तीच अडचण परत. आणि एक फाइल कॉपी करताना वेग एकाच केबलचा मिळतो, दुप्पट नाही. आमच्या टॅलीला १ गिगाबिट भरपूर झालं.

नवी_पेठ_लिनक्स
आत दोन कार्डं म्हणजे सरसकट देखावा, हे मात्र पटत नाही. एसआर-आयओव्ही (एका खऱ्या कार्डाचे तुकडे करून व्हीएमना देणं) वापरलं की व्हीएम ब्रिजला वळसा घालून थेट कार्डाच्या तुकड्याशी बोलते. तिथं होस्टचा बाँड कामाचा नाही. दोन वेगळ्या कार्डांचे तुकडे देऊन व्हीएमच्या आतच जोडी करावी लागते, आणि तेव्हा तीच बरोबर. हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं प्रॉक्समॉक्ससारखं सॉफ्टवेअर) वाल्यांनी होस्टवरची जोडी सेट (SET, स्विच एम्बेडेड टीमिंग) पद्धतीनं करावी, ती विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे.

टॉवेल_आयटी
मान्य. पण टॅलीसाठी एसआर-आयओव्ही कोण लावतंय?

होटगी_रोड
बरं, तुमचे दोन स्विच आले. आता पहिल्या स्विचची पुढची केबल, ऑफिसकडं जाणारी, उंदरानं कुरतडली. सर्व्हरकडची लिंक हिरवीच. एमआयआयमॉनच्या भरवशावर तुमचा बाँड खुशाल त्याच मेलेल्या वाटेनं पॅकेट सोडत बसणार. बोला.

नवी_पेठ_लिनक्स
हा मुद्दा खरा आहे. एमआयआयमॉन फक्त शेजारची तार बघतं. त्यासाठी एआरपी मॉनिटरिंग आहे: पलीकडचा एखादा कायम चालू पत्ता द्यायचा, तिथून उत्तर आलं नाही की बाँड दुसऱ्या पोर्टवर जातो. दोन्ही पद्धती एकत्र चालत नाहीत, एक निवडायची. पत्ता निवडताना जपून, कुणाच्या टेबलावरचा प्रिंटर देऊ नका. तो संध्याकाळी बंद झाला की वेगळाच गोंधळ.

आणि धागाकर्ते, पोर्ट कुठले घेताय? मदरबोर्डवरचे दोन्ही बऱ्याचदा एकाच चिपचे असतात. एक तिथला, एक स्लॉटमधल्या वेगळ्या कार्डावरचा घ्या.

होटगी_रोड
कार्ड घ्या, स्विच घ्या, सगळं घ्या. सर्व्हर एकच आहे त्याचं काय? मदरबोर्ड उडाला तर दोन केबल काय करणार? मी असतो तर हे पैसे बॅकअपला आणि दुसऱ्या साध्या मशीनला घातले असते.

टॉवेल_आयटी
बॅकअप वेगळ्या मशीनवर जातोच, रोज रात्री. बाँडचे पैसे कुठायत? सॉफ्टवेअर फुकट, खर्च एक कार्ड आणि एक स्विच. व्हेंडर जे व्हीएममागं मागतोय त्यापेक्षा कमीच.

होटगी_रोड
मग दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर लावू नका म्हणजे झालं. आणि व्हेंडरला सांगा, पिंग (सर्व्हर उत्तर देतोय का बघणारी चाचणी) चालू ठेवून सगळ्यांसमोर सर्व्हरची केबल उपटून दाखव, मग बिल काढ. माझं मत तेच आहे, दुसरं मशीन आधी.