पूर अलमट्टीने येतो की आपणच वाट अडवतो?

वेदगंगाकाठ :
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची दारे वेळेवर उघडली तर निपाणी-चिकोडीपासून रायबाग-अथणीपर्यंत एकाही गावात महापूर येणार नाही, आणि याखेरीज दुसरे कारण सांगणारा माणूस लोकांची दिशाभूल करतो. मी दुसरे कारण सांगणाऱ्यांपैकी आहे. दिशाभुलीचा आरोप मला झोंबला, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. त्या आठवड्यात केवळ कृष्णाकाठ बुडाला नव्हता. घटप्रभेने गोकाक बुडवले, हिरण्यकेशीने संकेश्वरात घरे धरली आणि मलप्रभेचे पाणी रामदुर्गात शिरले. मलप्रभा तर अलमट्टी ओलांडल्यावर, कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. धरणाच्या खाली मिळणाऱ्या नदीला वरच्या बाजूच्या धरणाने फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, आणला, असे म्हणता येईल का? त्या दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर जो पाऊस झाला, तो आंबोली, पाटगाव, राधानगरी, कोयना, कणकुंबी अशा सगळ्या घाटमाथ्यावर एकाच वेळी झाला, आणि एकाच वेळी सगळ्या नद्या पात्राबाहेर पडल्या.

पूर येतो तो पावसाने. परंतु पाऊस थांबल्यावरही तो चार-चार दिवस आपल्या शिवारात मुक्काम करतो, तो आपण केलेल्या अडवणुकीने. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, त्याच दिवसांतले माझे पाहणे सांगतो. आमच्या गावाहून पलीकडच्या गावाला जाणारा रस्ता नदीकाठच्या रानातून भराव टाकून नेला आहे. पूल जेमतेम पात्रापुरता आणि भरावाच्या पोटात दोन नळे. रात्री बॅटरी घेऊन मी त्या भरावावर उभा राहिलो तेव्हा वरच्या अंगाला पाणी पेरूच्या झाडाच्या दुबेळक्यापर्यंत होते, आणि खालच्या अंगाला त्याच उंचीच्या दुसऱ्या पेरूचे खोड गुडघाभर कोरडे दिसत होते. दहा पावलांच्या रस्त्याने एवढा फरक केला होता. ते पाणी अलमट्टीने अडवले नव्हते.

कृष्णाकाठ, कुडची :
रामदुर्गाचा दाखला देऊन कुडचीचा प्रश्न मिटत नाही, अण्णा. मलप्रभेच्या पुराला अलमट्टी कारण आहे असे आमच्यापैकी कोणीही म्हटलेले नाही. आमचे म्हणणे कृष्णेपुरते आहे, आणि ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. माझे आजोबा सांगत की पूर्वी कृष्णेला पूर येई तो अंगात वारे शिरल्यासारखा येई आणि दोन दिवसांत उतरे. मागे राहिलेल्या गाळावर हरभरा असा येई की खताची गरज पडत नसे. आज पूर हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. २०१९ साली माझा चार एकर ऊस नऊ दिवस पाण्याखाली होता. पोंग्यात गाळ बसला आणि एकूण एक कांडे आतून लाल पडले. वाहत्या पाण्यातला ऊस लोळला तरी जगतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मग हे पाणी वाहत का नव्हते? पुढे हिप्परगीचा बंधारा, त्याच्या पुढे अलमट्टी, आणि या दोन्हींच्या मागे वर्षानुवर्षे साचलेला गाळ. त्यात आता अलमट्टीची ५१९.६० मीटरची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची तयारी चालू आहे. तुम्ही पेरूची झाडे मोजत आहात आणि इकडे आमच्या पुढच्या पिढीचे रान जायला निघाले आहे.

निवृत्त पाटबंधारेवाला :
मी चाळीस वर्षे नदीच्या पाण्याची मोजणी पाहिली आहे, त्या आधारावर दोघांनाही थोडे अप्रिय वाटेल असे लिहितो.

वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कल्लोळजवळ कृष्णेला. कृष्णा चढलेली असली की दूधगंगेचे तोंड तुंबते आणि तो तुंब मागे सदलगा, कारदगा, भोज असा सरकत जातो. कुडचीकर ज्याला फुगवटा म्हणतात तो येथे खरोखरच असतो. परंतु कल्लोळला कृष्णा चढते कशाने? कराडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा घेऊन ती राजापूर बंधाऱ्यावरून आपल्याकडे उतरते. एकट्या कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. ते धरण भरलेले असताना वरून पाऊस कोसळला की सांडव्यावरून सोडण्यावाचून गत्यंतर नसते. २०१९ मध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून, म्हणजे सेकंदाला पाच लाख घनफुटांहून, अधिक विसर्ग चालू होता आणि तरीही सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टी आणि हिप्परगी यांना त्या पुराचे कारण ठरवले नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणे यांवर बोट ठेवले. समिती महाराष्ट्राची होती, कर्नाटकाची बाजू घेण्याचे तिला काही कारण नव्हते.

कृष्णाकाठ, कुडची :
त्या अहवालावर सांगलीतच आक्षेप घेतले गेले, हे साहेबांनी सांगितले नाही. शिवाय पाच लाख क्युसेक सोडले ते कोणत्या दिवशी, हा खरा प्रश्न आहे. धरण आधी काठोकाठ भरत आणायचे, आणि पाणी उंबऱ्याला लागल्यावर दारे उचलायची, याला वेळेवर म्हणत नाहीत. आकडा मोठा आहे म्हणून तो योग्य वेळी सोडला असे सिद्ध होत नाही.

निवृत्त पाटबंधारेवाला :
हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, जरी तो ज्या तावातावाने मांडला गेला तो ताव मला मान्य नाही. पावसाळ्याच्या मध्यात मोठे धरण किती भरलेले ठेवायचे याचे वेळापत्रक दोन्ही राज्यांनी एकत्र बसून पाळले पाहिजे, आणि कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी, अलमट्टी यांचा विसर्ग एकाच टेबलावर ठरला पाहिजे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना याच कामासाठी भेटले होते. पुढच्याच महिन्यात महापूर आला. म्हणून समन्वय निरुपयोगी ठरत नाही, परंतु समन्वय झाला की पूर टळेल, हेही त्यातून ठरत नाही.

यळ्ळूर शिवार :
आपली चर्चा नेहमीप्रमाणे कृष्णेवर गेली. बेळगाव तालुक्यालाही पूर येतो, याची आठवण करून देणे भाग आहे. आमच्याकडे धरण नाही, राज्यांचा तंटा नाही, मोठी नदीसुद्धा नाही. आहे तो बळ्ळारी नाला. शहराचे सगळे पाणी आणि मैला घेऊन तो शहापूर, वडगाव, यळ्ळूरच्या भातशेतीत पसरतो. बासमतीच्या वासाने जी रानं ओळखली जात, त्यांत रोप लावणी झाल्यावर आठ-आठ दिवस पाणी थांबते आणि रोप कुजते. दुबार लावणी करायची तर रोप आणायचे कोठून? नाल्यात गाळ आणि जलपर्णी, आणि त्यात भर म्हणून शिवारातून नव्या रस्त्याचे भराव. वेदगंगाकाठच्या अण्णांनी भरावाचा विषय काढला तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. अलमट्टीवर मोर्चे निघतात. नळ्याचा व्यास वाढवा म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे मी पाहिलेले नाही.

सासर सदलगा, माहेर शिरोळ :
यळ्ळूरच्या दादांनी लिहिले ते वाचून राहवले नाही. मी दोन्ही राज्यांचा पूर पाहिला आहे, कारण माहेर आणि सासर दोन्ही पुरात असतात. नळ्यांचे म्हणाल तर आमच्या मळ्याशेजारच्या रस्त्याला पूर्वी फरशी, म्हणजे पाण्याच्या वाटेवर सखल फरसबंदी, होती. पावसाळ्यात चार दिवस रस्ता बंद राही, पण पाणी त्यावरून सरळ निघून जाई. गावाने मागणी करून रस्ता उंच करून घेतला. मागणी करणाऱ्यांत माझे सासरेही होते, आणि मुलांची शाळा बुडू नये हा त्यांचा हेतू चांगलाच होता. रस्ता उंच झाला तसे पाणी आमच्या गोठ्यात यायला लागले. २०१९ ला सासूबाई दावी सोडायला कंबरभर पाण्यात गेल्या. म्हशी निघाल्या, पण एक रेडकू दाव्यालाच राहिले. त्यांनी त्यानंतर गोठ्यात दावे बांधूच दिले नाही, आजही जनावरे साखळीच्या आकड्याला असतात, एका हाताने सुटतील अशी. काय अडवले आणि कोणी अडवले, हे आम्हाला अहवालात वाचावे लागत नाही.

कृष्णाकाठ, कुडची :
वहिनींच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. परंतु ही चर्चा आता भरावात अडकली आहे, आणि यात ज्यांनी अलमट्टीची उंची वाढवायची त्यांची सोय होते, हे कोणाच्या लक्षात येत नाही काय? शेतकऱ्यानेच स्वतःला दोषी मानले की सरकारला उत्तर द्यावे लागत नाही. आणि वेदगंगाकाठच्या अण्णांना एक रोखठोक प्रश्न. तुमच्या भागात वीटभट्ट्यांसाठी नदीचा काठ खरवडून कोणी विकला? ओत, म्हणजे पुराच्या पाण्याची बाजूची वाट, बुजवून ऊस कोणी लावला? दुसऱ्याच्या भरावाचे पाणी मोजण्याआधी स्वतःच्या बांधाचे सांगा.

वेदगंगाकाठ :
सांगतो. ओत आमच्याच भावकीने बुजवला. वडिलांच्या काळात नदीपासून आमच्या रानाच्या पाठीमागून एक ओत निघे आणि अर्ध्या मैलावर पुन्हा नदीला मिळे. उन्हाळ्यात त्यात लव्हाळे आणि थोडी ओल, एवढेच असे. ती पडीक जागा म्हणून १९९० नंतर चुलत्यांनी आणि आम्ही मिळून ती भरली, आणि तेथे सात गुंठे ऊस वाढला. सात गुंठ्यांसाठी आम्ही नदीची दुसरी वाट बंद केली. २०१९ ला पाणी त्याच जुन्या वाटेने आले, फक्त ती वाट भरलेली असल्याने ते घराच्या मागच्या भिंतीला येऊन टेकले. भिंत मातीची होती. सकाळी तिच्या जागी ओला ढीग होता आणि त्यात आईची लोखंडी पेटी उघडी पडली होती. या भागातले मी काही लपवत नाही, म्हणूनच मला अलमट्टी या एका शब्दावर थांबणाऱ्यांचा राग येतो. तो शब्द उच्चारला की आमच्या सात गुंठ्यांचा प्रश्न मिटतो, सरकारी भरावाचा मिटतो, वीटभट्टीवाल्याचा मिटतो आणि बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी न काढणाऱ्यांचाही मिटतो.

उंची वाढवण्याला माझाही विरोध आहे. कृष्णा पाणीतंटा न्यायाधिकरणाने २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरला परवानगी दिली म्हणून बागलकोट-विजापूरच्या बुडणाऱ्या गावांचे दुःख संपत नाही, आणि तुमच्या कृष्णाकाठाची भीतीही मला खोटी वाटत नाही. परंतु उद्या ती उंची वाढली नाही, तरी पुढच्या अतिवृष्टीत माझ्या गावात पाणी येणारच, आणि त्या दिवशी तुम्ही म्हणाल की अजून दारे उघडली नाहीत.

यळ्ळूर शिवार :
अण्णांनी स्वतःची चूक उघड लिहिली, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन करतो. परंतु ओत बुजवणारा शेतकरी आणि नाल्याच्या काठावर वसाहतींना परवानगी देणारा अधिकारी यांना एका तराजूत घालू नये. शेतकऱ्याचे सात गुंठे पुराने परत घेतले. परवानगी देणाऱ्याचे काय गेले?

निवृत्त पाटबंधारेवाला :
हे योग्य आहे, आणि यापुढे एक जोडतो. जात्रट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे बंधारे-पूल दरवर्षी पाण्याखाली जातात आणि आपण त्यांची बातमी रस्ता बंद म्हणून वाचतो. ते पाण्याखाली जातात म्हणूनच पाणी त्यांच्यावरून जाऊ शकते. त्यांच्या जागी उंच पूल व्हावेत ही मागणी मी समजू शकतो, परंतु ते करताना दोन्ही बाजूंचा रस्ता भरावावर न नेता कमानींवर न्यावा लागेल, अन्यथा आज जे पाणी चार दिवस रस्त्यावर असते ते उद्या चार दिवस घरात असेल. खर्च दुप्पट होतो म्हणून अंदाजपत्रकातून कमानी गळतात आणि नळे उरतात. हे मी माझ्याच कारकिर्दीत एकाहून अधिक वेळा पाहिले, आणि मी सही केलेल्या कागदांतही ते घडले आहे.

सासर सदलगा, माहेर शिरोळ :
साहेब, आपण सही केल्याचे लिहिलेत, याचे मोल मला आहे. आता एवढे सांगा, की रस्ता झाल्यावर नंतर नळे वाढवता येतात का? गावसभेत विचारले तर आता काही होत नाही असे उत्तर मिळाले.

निवृत्त पाटबंधारेवाला :
येतात, ताई. भराव तोडून पेटीनळे, म्हणजे चौकोनी मोठ्या मोऱ्या, बसवता येतात. काम उन्हाळ्यात करावे लागते आणि रस्ता काही आठवडे बंद ठेवावा लागतो. अर्जासोबत पुराच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी कोठवर होते याच्या खुणा जोडा. भिंतीवर, विजेच्या खांबावर, झाडावर जी ओली रेघ राहते ती पंधरा दिवसांच्या आत रंगाने ओढून घ्या आणि फोटोत तारीख येऊ द्या. दोन अंगांच्या रेघांतला फरक हाच पुरावा.

कृष्णाकाठ, कुडची :
भरावाचे मी मान्य करतो. पेरूच्या झाडाचा दाखला मला खोडता आला नाही, हेही मान्य. अलमट्टीचे मान्य करत नाही. नऊ दिवस पाणी एकाच जागी उभे राहिलेले मी पाहिले आहे, आणि माझ्या रानाच्या पुढे कोणताही भराव नाही. पुढच्या पुरात मीही खांबावर रेघ ओढीन, रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, आणि तिच्याशेजारी त्या दिवशीचा अलमट्टीचा विसर्ग लिहीन.

वेदगंगाकाठ :
ओढा. शेजारी कोयनेचा आणि राजापूरचा विसर्गही लिहा. माझ्या भरावाच्या दोन्ही अंगांच्या रेघा मी तुम्हाला पाठवीन.