कादंबरीतला नामवंत सतारिया गायब होतो, पटेल का?

प्रश्न: ऐन दौऱ्यातून निसटून नायक मिरजेत लपतो. कच्चे दुवे सांगा.

उत्तर १: मिरज? तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गावात! जवारी काढायला (तारांखालची घोडी घासून नाद नीट करायला) दुकानात सतार टेकवली की ओळखलाच, संपलं. त्याला कोकणात न्या. मात्र पावसाळ्यात पोलादी तारा गंजतात, मिंड घेताना (तार ओढून सूर सरकवताना) बाजाची, म्हणजे मुख्य, तार तुटते. सुट्या तारांचं वेटोळं सोबत हवंच. आणि रियाज सुटला तर डाव्या बोटांवरचे घट्टे मऊ पडतात. पुन्हा वाजवताना तार रुतते. हा प्रसंग सोडू नका.

उत्तर २: पोटापाण्याचं काय? पियानोवादक ग्लेन गूल्डनं १९६४मध्ये मैफली सोडल्या, पण ध्वनिमुद्रण सोडलं नाही. सूरबहारवादक अन्नपूर्णादेवी मैफलींपासून दूर, मुंबईत घरात शिकवत राहिल्या. शिवाय आगाऊ घेतलेली बिदागी कोण परत करतं? ते सुरुवातीलाच येऊ द्या.