खुर्ची सुटल्यावर बोलणारे जनरल : ऐकायचं की सोडून द्यायचं?

चिंचपोकळीकर (धागाकर्ता)
संध्याकाळी कुठलंही चॅनेल लावा, एक निवृत्त मेजर जनरल आणि एक निवृत्त एअर मार्शल हजर. सरकार चुकलं म्हणाले की अर्धे लोक त्यांना देशद्रोही ठरवतात, उरलेले ‘बघा, लष्करच म्हणतंय’ म्हणून नाचतात. दोघांनाही मूळ मुद्द्याशी घेणंदेणं नाही. आपल्याकडचं ताजं प्रकरण घेतलं तर धागा दहाव्या प्रतिसादात पक्षांवर घसरेल, म्हणून परदेशातलं जुनं घेतो.

एप्रिल २००६. इराक युद्ध चौथ्या वर्षात. झिनी, न्यूबोल्ड, ईटन, बॅटिस्ट, रिग्ज आणि स्वॅनॅक या सहा निवृत्त अमेरिकी जनरलांनी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जावं, असं जाहीर सांगितलं. बॅटिस्ट यांनी इराकमध्ये डिव्हिजन चालवली होती. ईटन यांनी नव्या इराकी सैन्याचं प्रशिक्षण उभं केलं होतं. म्हणजे स्टुडिओतले पोपट नव्हेत.

त्यांच्या तक्रारीचा गाभा साधा होता : माणसं कमी पाठवली. बंडाळी आवरायला दर हजार लोकसंख्येमागे २० सुरक्षा जवान, असा एक ठोकताळा आहे. इराकची लोकसंख्या तेव्हा अडीच कोटींच्या आसपास, म्हणजे ५ लाख लागतात. अमेरिकेचे होते दीड लाखाच्या आसपास, हजारी ६. त्यात दारूगोळ्याची कोठारं राखायची की सीमा, की बगदादचे रस्ते? कोठारं उघडी राहिली आणि त्यातलेच तोफगोळे पुढे रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांत निघाले.

माझं मत : असं बोलणारा माणूस युद्ध चालू असतानाच हवा. युद्ध संपल्यावर शहाणपण सगळ्यांकडेच असतं.

बोरीबंदर
साफ असहमत. न्यूबोल्ड २००२ पर्यंत जॉइंट स्टाफचे, म्हणजे अमेरिकी सैन्यदलांच्या संयुक्त मुख्यालयाचे, ऑपरेशन्स प्रमुख होते. इराकची आखणी सुरू झाली तेव्हा ते त्याच मजल्यावर होते. जाहीर लिहिलं २००६ मध्ये. (त्या लेखात आधी उघडपणे विरोध केला नाही याची खंत त्यांनी स्वतःच मांडली, हा मोठेपणा मान्य.) पण ज्या दिवशी त्या मताला किंमत होती त्या दिवशी ते फायलीत राहिलं आणि रस्त्यावर आलं तेव्हा फक्त मंत्र्याचं डोकं मागायला.

याचा पुढचा परिणाम कुणी बघत नाही. हा जनरल पेन्शन सुरू झाल्यावर माझ्याविरुद्ध बोलणार, असं मंत्र्याला वाटलं की तो पुढच्या नेमणुकीत काय बघेल? कर्तबगारी नाही, होयबा आहे का ते बघेल. बैठकीत टिपणं घेणं बंद होईल, खरी चर्चा चार जणांत दार लावून होईल. म्हणजे सेवेतल्या अधिकाऱ्याचा स्पष्टपणाही मेला.

गिरणगावकर
@बोरीबंदर, साहेब, गणवेशात बोललेल्याचं काय झालं तेही सांगा ना. लष्करप्रमुख शिन्सेकी यांना फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेट समितीने विचारलं, युद्धानंतर किती सैन्य लागेल? ‘काही लाख’ असं उत्तर दिलं. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री वुल्फोविट्झ यांनी तो आकडा जाहीरपणे उडवून लावला. बाकीच्या जनरलांनी त्यातून काय धडा घ्यायचा तो घेतला.

आणि ‘राजीनामा द्या आणि बोला’ हे म्हणायला सोपं. आपल्या मुंबईच्याच समुद्रात २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी गेले, त्याच दिवशी ॲडमिरल जोशी यांनी नौदलप्रमुखपद सोडलं. नैतिक जबाबदारी घेतली, तीही अपघाताची. युद्धाच्या धोरणावरून खुर्ची सोडणारा सापडणं त्याहून कठीण.

कुलाबा दांडी
धागाकर्त्याच्या गणितात खोट आहे. हजारी २० मध्ये फक्त परदेशी फौज मोजायची नसते. स्थानिक पोलीस, स्थानिक सैन्य, सगळे धरायचे. इराकमध्ये ते होते! २३ मे २००३ ला इराकचा कारभार पाहणारे अमेरिकी प्रशासक ब्रेमर यांच्या आदेश क्रमांक २ ने इराकी सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं एका कागदाने बेकार, हत्यार चालवायला शिकलेली आणि रागावलेली. बेरजेतली मोठी रक्कम खोडली आणि ती वजाबाकीच्या बाजूला नेऊन ठेवली. त्यामुळे ‘कमी फौज पाठवली’ ही अर्धीच टीका. २००७ मध्ये सुमारे ३० हजार जवान वाढवल्यावर हिंसाचार उतरला, हे खरं. पण इराकच्या अन्बार प्रांतातल्या जमाती त्याआधीच अल कायदाविरुद्ध उलटायला लागल्या होत्या. निवृत्त अधिकाऱ्याला आपल्या डिव्हिजनसमोरचा तुकडा स्वच्छ दिसतो, अख्खा पट दिसतोच असं नाही.

वांद्रे ईस्ट
मला भीती वेगळी आहे. २६/११ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो दोरावरून उतरत होते ते आपण घरबसल्या पाहिलं, आणि पलीकडे कराचीत बसलेले सूत्रधारही टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून झापलं. आता कॅमेऱ्याच्या जागी निवृत्त ब्रिगेडियर आणि मागे नकाशा ठेवा. त्याला गुपित ठाऊक नसेलही, पण ‘इथून ब्रिगेड हलली तर रस्ता हा एकच’ एवढं अनुभवावरून बोलला तरी पुरे.

म्हणून मी गाळणी लावतो. मंत्र्याचा निर्णय, खरेदीचा उशीर, तारखा, किती माणसं पाठवली : यावर वाट्टेल ते बोला. कोणती तुकडी कुठे, दारूगोळा किती दिवसांचा, रडार कुठे बसवलंय : तोंड बंद. आणि ऐकणाऱ्याने आधी निवृत्तीची तारीख बघावी. नव्वदच्या दशकात निवृत्त झालेला कर्नल ड्रोनवर बोलतो तेव्हा मी चहा ठेवायला उठतो.

बोरीबंदर
आणि सामूहिक पत्रांचं काय? एप्रिल २०१९ मध्ये लष्कराचा राजकीय वापर थांबवा म्हणून दीडशेहून अधिक माजी अधिकाऱ्यांच्या नावाने राष्ट्रपतींना पत्र फिरलं. मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्या यादीतले जनरल रॉड्रिग्ज आणि एअर चीफ मार्शल सुरी म्हणाले, आमची संमतीच नाही. त्या दिवशी बातमी पत्राची राहिली नाही, सह्यांची झाली. असं पत्र काढायचं तर प्रत्येकाकडून अंतिम मसुद्यावर, नाव-हुद्द्यासकट, लेखी होकार हवा. मसुद्यात एक ओळ बदलली की पुन्हा होकार. मोठी नावं गोळा करायच्या घाईत हेच राहतं.

गिरणगावकर
हे मात्र मान्य.

कुलाबा दांडी
कायद्याचं कुणीतरी विचारेलच, म्हणून. २०२१ च्या पेन्शन नियमांमुळे निवृत्त अधिकाऱ्यांची तोंडं बंद झाली असं सर्रास फिरतं. ती दुरुस्ती नागरी सेवेच्या नियमांतली. रॉ, आयबी वगैरे संस्थांतून निवृत्त झालेल्यांना लागू, तिन्ही दलांना नाही. आर्मी ॲक्टचं कलम १२३ निवृत्तीनंतरही पकडतं, पण सेवेत असताना केलेल्या गुन्ह्यासाठी, आणि काही गुन्हे सोडले तर खटला सेवा सुटल्यापासून ३ वर्षांच्या आत सुरू व्हावा लागतो. गोपनीयतेचा १९२३ चा कायदा मात्र तुम्हा-आम्हा सगळ्यांना लागू. बाकी अडवायला कायदाच लागतो असं नाही : माजी लष्करप्रमुख नरवणे यांच्या आठवणींचं पुस्तक २०२४ मध्ये यायचं होतं, ते मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं.

चिंचपोकळीकर
म्हणूनच म्हणतो, अधिकृत वाट असती तर ही ओरड लागली नसती. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, सरकारने तो अजून खुला केलेला नाही. कारगिलला बरं झालं. २६ जुलै १९९९ ला युद्ध संपलं, २९ जुलैला सुब्रह्मण्यम समिती नेमली, फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेत. पण तिचं काम होतं युद्धापर्यंत काय घडलं ते तपासणं आणि पुढचे उपाय सुचवणं. युद्ध कसं लढवलं हा विषय कक्षेबाहेर.

कारगिलमध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा राजकीय आदेश होता. वैमानिकासाठी त्याचा अर्थ असा : झेप घेऊन वळायला जागा कमी, लक्ष्यावर येण्याच्या दिशा मोजक्या, आणि त्या खालच्या क्षेपणास्त्रवाल्यालाही पाठ. हवाई हल्ल्यांच्या पहिल्या तीन दिवसांत दोन मिग आणि एक एमआय-१७ गेलं, मग उंची आणि पद्धत बदलली. आदेश बरोबर की चूक, यावर समिती बोलणार नाही. मग कोण बोलणार? उडवणारेच ना?

बोरीबंदर
समिती नेमली म्हणून नेते सापडतात असंही नाही. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाची चौकशी करणाऱ्या इस्रायलच्या आग्रनात आयोगाने एप्रिल १९७४ मध्ये लष्करप्रमुख एलाझार यांच्यावर ठपका ठेवला, संरक्षणमंत्री दायान आणि पंतप्रधान मेयर यांना सोडलं.

गिरणगावकर
आणि त्याच महिन्यात मेयर यांनी राजीनामा दिला. आयोगामुळे नाही, रस्त्यावरच्या रेट्यामुळे. तो रेटा सुरू केला मोट्टी अश्केनाझी नावाच्या राखीव दलातल्या कॅप्टनने. सुएझवरच्या तटबंदीतली न पडलेली एकमेव चौकी त्याच्या ताब्यात होती. युद्धातून सुटला आणि फलक घेऊन पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर एकटा उभा राहिला.

बोरीबंदर
कॅप्टन होता, जनरल नव्हता. मोठा हुद्दा मिरवला नाही, पॅनेलवर बसला नाही. तुमचे सहा जनरल आणि तो एकाच माळेत ओवू नका.