डिफरन्शियलचे बुश घरी बदलता येतील काय?

प्रश्न (लातूर) : माझ्या जुन्या, मागील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत क्लच सोडताना मागून ‘ठक्क’ असा आवाज येतो आणि डिफरन्शियलच्या (इंजिनाची शक्ती मागील दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) रबरी बुशना (तिला चौकटीशी जोडणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या गोल तुकड्यांना) तडे गेलेले दिसतात. त्यांच्या जागी पॉलियुरेथेनचे (एक प्रकारच्या लवचिक प्लास्टिकचे) बुश अंगणातच बसवणे शक्य आहे काय?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : शक्य आहे. मात्र गाडी केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या फरशीवर घोड्या (आधाराचे स्टँड) लावून तोलावी, डिफरन्शियलखाली स्वतंत्र जॅक द्यावा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे शक्ती नेणारा दांडा) सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करावी, अन्यथा जोडणीनंतर थरथर सुरू होऊ शकते. खरी कसोटी जुना बुश काढण्यात आहे. अनेकजण रबर जाळून काढतात; त्याचा धूर विषारी असतो, म्हणून मी तसे कधीच करणार नाही. आट्यांचा जाड रॉड, एका बाजूस बुशच्या बाहेरील कड्याएवढा आणि दुसऱ्या बाजूस त्याहून मोठा पाइप घेऊन नट आवळत गेल्यास बुश सरळ ओढला जातो. तरीही न निघाल्यास सबफ्रेम (डिफरन्शियल धरणारी गाडीखालची चौकट) उतरवून वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर बुश काढून घ्यावा.

उत्तर (नांदेड) : पॉलियुरेथेन रबरापेक्षा कडक असल्याने डिफरन्शियलची घरघर आत अधिक ऐकू येते. रोजच्या प्रवासासाठी मी नवे रबरच निवडले असते. पॉलियुरेथेनच घ्यायचे असल्यास सोबत येणारे सिलिकॉन ग्रीस लावावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. भावाच्या बोलेरोचेही हेच काम करावे काय?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : तिचा मागील अ‍ॅक्सल अखंड असून डिफरन्शियल त्यातच असते, त्यामुळे तेथे असे बुश नसतात. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश तपासावेत.