१४ मार्च आणि आपली पऱ्हाटी (कापूस)

१४ मार्चला इतिहासात काय काय घडलं, याच्या एका यादीत शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांचा जन्म (१८७९) आणि हॉकिंग यांचं निधन (२०१८) आलं. एक नोंद मात्र राहिली, आणि आम्हा वऱ्हाडातल्या कास्तकारांना ती सर्वात जवळची. १७९४ मध्ये याच तारखेला एली व्हिटनी यांना अमेरिकेत कापसातून सरकी (बी) वेगळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं.

रचना साधी. लाकडी रुळावर तारेचे दात, समोर अरुंद फटींची फळी. दात रुई (कापसाचे तंतू) ओढून नेतात, सरकी फटीतून जात नाही म्हणून मागे राहते. मग फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून काढतो. आपल्याकडे चरखी (सरकी काढायचं हातयंत्र) त्याच्या कितीतरी आधीपासून होती, हेही यादीत यायला हवं. आमच्या भागातल्या जिनांत (सरकी काढायच्या कारखान्यांत) आजही चालतात ती रोलरवालीच यंत्रं: चामड्याचे रोलर रुई ओढतात, पातं सरकीला अडवतं. लहानपणी बैलबंडीवर बसून जिनात जायचो, तो खडखडाट अजून कानात आहे.

या शोधाची काळी बाजूही लिहिली पाहिजे. सरकी काढणं सोपं झालं, तसा अमेरिकेत कापसाचा पेरा वाढला आणि वेचणीसाठी गुलामांची मागणीही वाढली. पुढे १८६१ ते १८६५ च्या तिथल्या यादवी युद्धात इंग्लंडला जाणारा कापूस अडला, तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली ती कापसासाठीच.