पेल्व्हिस (कंबरेखालचं हाडांचं कडं) पुढे झुकलाय म्हणून कंबर दुखते? काहीही!

कंबरमोडी:
काल कुणीतरी टाकलंय: "आरशात बाजूने बघा. पोट पुढे, पार्श्वभाग मागे? पेल्व्हिस झुकलाय, म्हणूनच कंबर दुखते." खाली 'धन्यवाद सर'ची रांग. अहो, बहुतेकांचं असंच असतं! 2011 च्या एका अभ्यासात काहीही न दुखणाऱ्या 120 जणांची मापं घेतली. 85 टक्के पुरुष आणि 75 टक्के बायकांचा पेल्व्हिस पुढेच झुकलेला. हे सगळे आजारी का?

टाचणी:
टक्केवारी तुमच्याकडेच ठेवा. दोन वर्षं मी कुशीवर वळून, हात टेकून पलंगावरून उठत होते. फिजिओने माकडहाड आत घ्यायला शिकवलं, जांघेतले स्नायू ताणायला लावले. सहा आठवड्यांत वाकून मोजे घालायला लागले. हा भास?

कंबरमोडी:
भास कोण म्हणतंय? गुण व्यायामाचा. कोन बदलला का, मोजलात?

टाचणी:
कोनमापक उशाशी घेऊन झोपत नाही मी.

बोका:
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. आधी ते एमआरआय बंद करा! रिपोर्ट बघून मला सांगितलं, "मणक्यातली गादी सरकलीय." वर्षभर काचेच्या भांड्यासारखा जगलो, भाचीला एकदाही उचललं नाही. नंतर कळलं, पन्नाशीतल्या ठणठणीत माणसांतही साधारण 60 टक्के जणांची गादी फुगलेली दिसते.

आडवा_तिडवा:
बोकोबा, जपून. माझ्या भावाची लघवी अडकली, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं. एमआरआय झाला म्हणून त्याच रात्री ऑपरेशन झालं.

बोका:
ती गोष्टच वेगळी! तेव्हा धावतच जायचं. मी साध्या कंबरदुखीचं बोलतोय.

आडवा_तिडवा:
मग तसं लिहा ना. "बंद करा" कुणी लिहिलं, शेजारच्या मांजराने?

कंबरमोडी:
धागा पेल्व्हिसचा आहे हो! आणि ते "हाड सरकलंय, बसवून देतो"वाले? माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंचा तो सांधा हलतो जेमतेम दोन-तीन अंश. दर आठवड्याला सरकतो कुठे?

टाचणी:
हे मात्र पटलं, नाइलाजाने. एकाने माझा डावा पाय आखूड ठरवून टाचेखाली पॅड दिलं. दुसऱ्याने उजवा. दोन्ही पॅडं अजून कपाटात आहेत.

कंबरमोडी:
दोन्ही घाला, उंची वाढेल. बरं, माझंही एक कबूल: ताठ बसून काही फरक पडला नाही, पण दर अर्ध्या तासाने उठलो की कमी दुखतं.

टाचणी:
मग उठा. दोन तास झाले, इथेच टाइप करताय.