जमिनीखालच्या आरसीसी खोलीवर स्फोटाचा भार – कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? बजेट २०,०००

तापीकाठचा: भुसावळचा आहे, एम.टेक. शेवटचं वर्ष. खोली जमिनीत २ मीटर खाली, स्फोट वर जमिनीवर, छताचं काय होतं ते काढायचंय. सॉफ्टवेअर, मशीन सगळं धरून २०,०००.

रॅम३२: वीसमध्ये काय होतं भाऊ? मी ९५,०००चा लॅपटॉप घेतला. एक गणित (रन) रात्रभर चालतं, पंखा थ्रेशरसारखा वाजतो, पण चालतो.

काळी_माती: अबॅकस, म्हणजे बांधकामाचे छोटे तुकडे पाडून ताण काढणारं सॉफ्टवेअर, त्याची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे. पण नोडना (तुकड्यांच्या जोडबिंदूंना) मर्यादा. माझं छत त्यात मावलं, माती बाहेर राहिली.

रावेरचा_केळीवाला: शेजाऱ्याने विहिरीत सुरुंग लावले, माझी जमिनीतली टाकी तडकली. तो म्हणतो, आधीपासूनच गळायची. याला कोणता कोड?

रॅम३२: काका, इथे लॅपटॉपचं चाललंय.

निवृत्त_डिझायनर: कोडचंच आधी बघा. कोड म्हणजे भारतीय मानक. आयएस ४९९१ (१९६८) सगळे उघडतात, पण तो जमिनीवरच्या स्फोटांचा. जमिनीतल्या सुरुंगाच्या धक्क्याला आयएस ६९२२ (१९७३). केळीवाले, तुम्ही तो बघा.
तापीकाठचा, तू कागद घे. अंतर भागिले स्फोटकाच्या वजनाचं घनमूळ. ८ किलो, ६ मीटर: ६ भागिले २, म्हणजे ३. ६४ किलो १२ मीटरवर ठेवलंस तरी ३च, म्हणजे दाबही तेवढाच. मग छताची मीटरभर पट्टी घे, ती म्हणजे एक वस्तुमान नि एक स्प्रिंग असं धर, एक्सेलमध्ये. वरच्या मातीचं वस्तुमान विसरू नकोस. आणि माती कोणती ते ठरव. कोरडी मोकळी वाळू धक्का लवकर जिरवते, पावसाळ्यातली भिजलेली काळी माती लांब नेते. मी एकदा सरसकट कोरडी धरली होती, गाईडनी वही परत फेकली.

चोपडेकर: खोली ५ मीटर खाली न्या, विषय संपला.

काळी_माती: दर मीटरला चौरस मीटरमागे साधारण १८ किलोन्यूटन माती बारा महिने डोक्यावर. ते कोण उचलणार?

धुळ्याना_पोऱ्या: भाऊ, पहिले लॅपटॉप ले, मंग बाकीनं देखजो.

रॅम३२: मी तेच सांगतोय. ३२ जीबी.

तापीकाठचा: सगळ्यांचे आभार. ६२,०००चा घेतला, १६ जीबी, हप्त्यावर. घरी वीसच सांगितलेत.

निवृत्त_डिझायनर: आणि माती कोणती धरलीस?

रावेरचा_केळीवाला: ६९२२ कुठे मिळेल? शेजारी उद्या परत सुरुंग लावतोय.